टेक्सासात रजिस्टर्ड ब्राह्मन गाईंचा कळप सुरू करतोय, अनुभवी लोकांनी बोला

गुराखी_टेक्सास
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, तर चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मूळ गाव मिरज तालुक्यात, घरापासून कृष्णा चालत दहा मिनिटांवर. आजोबांकडे खिलारची जोडी होती, वडील बँकेत लागले आणि गोठ्यात स्कूटर उभी राहायला लागली. मी सतरा वर्षं ह्यूस्टनला, नोकरी पाइपलाइनच्या कंपनीत. मागच्या वर्षी टेक्सासातल्याच कोलंबसजवळ ४२ एकर जमीन घेतली. इथे जमिनीवर गुरं चरत असतील तर प्रॉपर्टी टॅक्स बाजारभावावर न लागता शेतीच्या हिशोबाने लागतो, त्यासाठी मागच्या सात वर्षांतली पाच वर्षं तरी शेतीवापर असावा लागतो. आधीच्या मालकाने शेजाऱ्याची गुरं चरायला सोडली होती म्हणून आमची साखळी तुटली नाहीये, पण पुढच्या वर्षापासून माझी स्वतःची गुरं पाहिजेत.

शेजारी म्हणतो दहा मिश्र गाई बाजारातून आण, वासरं वीक, टॅक्स वाचव, विषय संपला. मला पण तेच बरोबर वाटत होतं. मग एका रात्री ब्राह्मन जातीबद्दल वाचत बसलो. (जात म्हणजे गाईची. नावावरून इथे कृपया कुणी सुरू होऊ नका.) ही जात इथे अमेरिकेत तयार झाली, आपल्याकडच्या गुरांपासून. गीर, कांकरेज ज्याला हे गुझेराट म्हणतात, ओंगोल ज्याला हे नेल्लोर म्हणतात, आणि चौथं नाव काय तर कृष्णा व्हॅली! म्हणजे सांगली-मिरजेच्या संस्थानिकांनी काळ्या रानात औत ओढायला जी जात घडवली ती. १८५४ ते १९२६ च्या दरम्यान इकडे २६६ च्या आसपास वळू आणि फक्त २२ गाई आल्या आणि त्यावर एवढी मोठी जात उभी राहिली, १९२४ ला ह्यूस्टनमध्ये ब्राह्मन पाळणाऱ्यांची असोसिएशन निघाली. आमच्या गावाकडे ती जात आता बघायला मिळत नाही आणि इथे तिचं थोडं का होईना रक्त कुंपणापलीकडे चरतंय, हे वाचून मला झोप लागली नाही. बायको म्हणाली पाणी पी आणि झोप.

तर प्रश्न असे की सुरुवात किती गाईंनी करू, कालवडी घेऊ की व्यालेल्या गाई घेऊ, वळू घरचा ठेवू की एआय (कृत्रिम रेतन) करू, आणि रजिस्टर्डच्या कागदाला (म्हणजे असोसिएशनकडच्या वंशावळीच्या नोंदीला) जे जास्तीचे पैसे मागतात ते द्यावेत का. बजेट पंचवीस हजार डॉलरच्या आत, त्यात कुंपणाची डागडुजी पण आली.

फक्त_वाचक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माणदेशी_सर्जा
दादा, लई भारी. आमी आटपाडीकडं, घरी तीन खिलार गाया आन दोन खोंड. एकच सांगतो, पयलं जनावर आपल्या डोळ्याला बरं दिसंल ते घ्यायचं, कागद मागनं. आमच्यात कागद नसतोय, तोंड उघडायचं, दात बघायचं, त्यावरनं वय. आदत हाय का दुसा हाय का चौसा, पायाचं खूर, कातडी, शेपटीचा गोंडा, चाल. खरसुंडीच्या जत्रंत म्हातारी मानसं लांबनं बघून सांगतात हे कुणाच्या दावणीचं हाय.

ओक्लाहोमाची_सून
माणदेशी दादा, तुमचा डोळा मान्य, पण गुराखी भाऊचा डोळा सतरा वर्षं एक्सेल शीट बघतोय. त्याने डोळ्यावर गाई घेतल्या तर विकणारे त्याला सगळ्यात देखणी आणि सगळ्यात भाकड गाय गळ्यात मारतील.

माझी ओळख: मी कोथरूडची, लग्नाआधी गाय म्हणजे सकाळी दारात पोळी खायला यायची ती. सासर ओक्लाहोमात, हेरफर्डवाले (ही मांसासाठीची विलायती जात), नवऱ्याच्या आजोबांपासून रजिस्टर्ड कळप. बावीस वर्षं झाली, आता वही माझ्याकडे असते. भाऊ, तू प्रश्न उलटे विचारलेस असं मला वाटतं. किती गाई हा प्रश्न नंतर. आधी हे सांग की तुझं गिऱ्हाईक कोण?

बाजारात वासरं विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, ऑक्शनला गाडी उतरवली की झालं. रजिस्टर्ड कळपवाला वासरं विकत नाही, तो वळू आणि कालवडी विकतो, म्हणजे दुसऱ्याच्या कळपाचं बियाणं. ब्राह्मनचं बियाणं कोण घेतं? तर ज्याच्याकडे हेरफर्ड किंवा अँगसच्या गाई आहेत आणि ज्याला इथल्या गल्फच्या (मेक्सिकोच्या आखाताच्या) उकाड्यात टिकणारी, गोचिडाला न बधणारी, दहा-बारा वर्षं वासरू देणारी संकरित कालवड पाहिजे तो. ब्राह्मन आणि हेरफर्डची पहिली पिढी, अंगावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून टायगर स्ट्राइप म्हणतात, त्या कालवडींना तुमच्याकडे काय मागणी आहे ते शेजाऱ्याला विचार. पण त्याच शेजाऱ्याला हेही विचार की शुद्ध ब्राह्मनचं नर वासरू मांसासाठी ऑक्शनला नेलं तर काय होतं. लांब कान आणि वशिंड दिसलं की पौंडामागे भाव पडतो, कारण त्या मांसात चरबीची जाळी कमी धरते. म्हणजे तुझ्याकडे जन्मणारी निम्मी वासरं नर, त्यातला चांगला वळू निघणारा एखादा, आणि बाकीच्यांना बाजार वाईट. हे गणित आधी घाल मग आजोबांची आठवण काढ. रागावू नकोस.

बाकी प्रश्नांची उत्तरं, माझ्या पद्धतीने:

गाईंच्या आधी खोडा. दाबून धरणारा चांगला लोखंडी खोडा, त्याकडे नेणारी बोळ, आणि गुरं कोंडायला एक भक्कम वाडगं. पंचविसातले निदान पाच-सहा इथेच जाणार हे धरून चाल. लोक गाई आणतात आणि मग पहिल्या लसीच्या दिवशी चार माणसं आणि एक दोरखंड. ब्राह्मन हुशार जनावर आहे, हळू बोललं की मांजरासारखं मागे फिरतं आणि एकदा मारझोड केली की दोन वर्षं लक्षात ठेवतं.

वळू अजिबात घेऊ नकोस. एक वळू पंचवीस गाईंना पुरतो, तू चार गाईंसाठी वर्षभर त्याला पोसणार, कुंपण मोडून शेजाऱ्याकडे गेला की भांडण, आणि घेऊन घेऊन घेणार तो परवडणारा म्हणजे मध्यम. त्यापेक्षा देशातल्या उत्तम वळूचं वीर्य एआयने. वळूची डीएनए नोंद असोसिएशनकडे आहे ना बघून घे, नाहीतर वासराची नोंद अडते.

गाई चारच घे, पण बऱ्या. शक्यतो अशी की जिच्या पायाशी एक आणि पोटात एक. व्यालेली आहे म्हणजे सड दिसतात, कास दिसते, आई म्हणून कशी आहे ते दिसतं. ब्राह्मनमध्ये बाटलीसारखे जाड सड ही खोड आहे, वासराच्या तोंडात सड जात नाही, पहिला चीक पोटात गेला नाही तर वासरू गेलं. नुसती गोंडस कालवड घेतलीस तर तिचे सड तीन वर्षांनी कळणार, कारण ही जात वयात उशिरा येते.

आणि कागद. कागद गाईबरोबर, त्याच दिवशी, ट्रान्सफरवर सही करून. "पेपर पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठवतो" असं म्हणणारा माणूस कितीही सज्जन वाटला तरी चेक खिशात ठेव. कागद आणि जनावर शेजारी उभं करून वाच.

गुराखी_टेक्सास
ताई, दंडवत. गिऱ्हाईक कोण हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

विचारी_मी
मला एक कळत नाही. आपण सगळे इथे गोमातेचा कळप कळप करतोय आणि ताई सरळ मांसासाठी ऑक्शन लिहितायत, कुणालाच काही वाटत नाही? मिरजेचा माणूस, आजोबांनी बैल पूजले, पोळ्याला झूल घातली, आणि नातू बीफचा धंदा करणार. कृष्णा व्हॅलीचं नाव घेऊन तर जास्तच वाईट वाटलं.

फक्त_वाचक
आला आला, पॉपकॉर्न कामी आलं.

गुराखी_टेक्सास
विचारी, तुमचा प्रश्न टाळत नाही. हो, बीफचीच जात आहे. जे नर वळू म्हणून ठेवण्यालायक नसतील ते खच्ची होऊन बाजारात जाणार आणि तिथून पुढे काय होतं ते मला माहीत आहे. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली तुझ्या ताटात घेऊ नकोस एवढंच. मी घेत नाही. पण मी खात नाही म्हणून माझे हात स्वच्छ असं मी म्हणणार नाही.

माणदेशी_सर्जा
विचारी साहेब, आमच्यात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानं बंदी, २०१५ पास्नं बैल-वळू पण त्यात आलं. बरं. आता शर्यती परत सुरू झाल्यापास्नं पळणाऱ्या खोंडाला लाखात भाव येतोय. न पळणाऱ्याचं काय? त्यो कुठं जातोय, रात्री कोण सोडून देतंय, कुणाच्या ज्वारीत सापडतंय, ह्ये पन लिवा की एकदा. पोळ्याला झूल आमी बी घालतो. भाकड गाय आन म्हातारा बैल दुष्काळात कडब्यावर पोसून बघा एक साल, मग बोलू. आमी पोसलेत, म्हनून बोलतोय.

विचारी_मी
मी कुणाला दोष दिला नाही, वाईट वाटलं ते लिहिलं. असो.

प्रशासक
खाण्यापिण्यावरून पुढे चर्चा इथे नको, त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे कळपावर बोला.

डॉ_खुरकूत
पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त, त्यामुळे गप्प बसवत नाही.

माणदेशी म्हणतात तसा कागद आपल्याकडे नाहीच असं नाही, पण कुणाला आहे बघा. केंद्र सरकारच्या कळप नोंदणी योजनेत गाईंच्या जाती घेतल्या त्या गीर, कांकरेज, हरियाना आणि ओंगोल. म्हशींच्या मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा, सुरती. म्हणजे गुराखींच्या ब्राह्मनचे तीन आजोबा नोंदवहीत आहेत आणि खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ यांतलं कुणीच नाही. कर्नालच्या संस्थेकडे जात म्हणून नोंद आहे, ती वेगळी. जातीची नोंद आणि त्या जातीतल्या एकेका जनावराची वंशावळ यात लोक गल्लत करतात. कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला पण जनावराची ओळख सांगतो, त्याचा बाप सांगत नाही.

वंशावळ कशाला पाहिजे? नोकरीत असताना एका गावात सगळ्या गाई एकाच देखण्या वळूकडे नेत, पुढे त्याच्या मुलीही त्याच्याकडेच. पाच-सात वर्षांत वासरं बारकी, गाई उलटायला लागल्या (गाभण न राहता परत माजावर येऊ लागल्या), आणि लोक म्हणायचे डॉक्टर, पाण्यात काहीतरी दोष आहे. लिहिलेलं असतं तर पाण्यावर खापर फुटलं नसतं.

गुराखी, तब्येतीचं थोडक्यात. फऱ्या (तिकडे ब्लॅकलेग म्हणतात) आणि त्याच्या भावंडांची एकत्र लस येते, ती वासरांना चुकवू नका, धडधाकट वासरू संध्याकाळी लंगडतं आणि सकाळी मेलेलं असतं. कालवडींना ब्रुसेलाची (गाभ पडायच्या रोगाची) लस लहानपणी, चार महिन्यांनंतर आणि वर्षाच्या आत, ती फक्त पशुवैद्यकाकडूनच, आणि लस टोचताना तुम्हीही सांभाळा कारण सुई माणसाला लागली तर माणूस आजारी पडतो. गाय घेताना गाभण तपासणी विकणाऱ्याच्या शब्दावर नको, तुमचा डॉक्टर न्या. कुणाचा वळू भाड्याने वगैरे आणायची बुद्धी झाली तर ट्रायको या वळूकडून गाईला लागणाऱ्या रोगाची तपासणी केल्याशिवाय आणू नका, वळूला काही होत नाही आणि तुमच्या गाई पोट टाकत राहतात.

आणि दिवस मोजताना जर्सी-होल्स्टिनसारखे २८० मोजू नका. ब्राह्मन साधारण २९२ दिवस घेते. नाहीतर दहा-बारा दिवस उगाच रात्री बॅटरी घेऊन फिराल.

देवणीवाला_लातूर
डॉक्टर साहेब बरोबर. आमच्याकडे देवणीचे प्रकार, वानेरा, बालंक्या, शेवेरा, तोंडाच्या आणि अंगाच्या रंगावरून ओळखतात, पण आई कोण बाप कोण विचारलं की "त्या अमक्याच्या गाईची" एवढंच. आता मी साधी वही केलीय, तारीख, गाय, वळू, वासरू. चार वर्षं झाली. माळेगावच्या जत्रेत एकाने वही बघून हसून घेतलं, मग हळूच विचारलं वासरू देणार का.

गुराखी_टेक्सास
ताई, ईपीडी (एक्स्पेक्टेड प्रोजेनी डिफरन्स) नावाचा प्रकार कुणी सोप्या भाषेत सांगेल का? विक्रीच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वळूसमोर आकड्यांची रांग असते, मी इंजिनिअर असून गोंधळलोय.

ओक्लाहोमाची_सून
सोपं आहे. समज एका वळूसमोर जन्मवजनाच्या रकान्यात +१ आहे आणि दुसऱ्यासमोर +५. म्हणजे सारख्याच गाईंना दोघं लावले तर दुसऱ्याची वासरं सरासरीने चार पौंड जड जन्मतील. बस. एकट्या आकड्याला अर्थ नाही, दोन वळूंमधला फरक बघायचा, आणि एका जातीचा आकडा दुसऱ्या जातीशी लावायचा नाही. शेजारी अचूकतेचा आकडा असतो, तरुण वळूचा कमी असतो कारण त्याची वासरं अजून मोजलेलीच नाहीत, त्याचे आकडे आईबापावरून बांधलेला अंदाज.

आता गंमत बघ. ब्राह्मन गाईच्या पोटी वासरू लहान जन्मतं, ती आतून आवरून धरते म्हण. पण तोच ब्राह्मन वळू हेरफर्ड गाईला लावला की वासरू मोठं होतं, अडतं. आमच्याकडे एका मार्चमध्ये दोन रात्री असं ओढून काढलंय, दुसरं वाचलं नाही. म्हणून तुझ्याकडून वळू घेणारा पहिल्यांदा जन्मवजन विचारणार आणि तू म्हणालास "लहानच असतात हो" तर तो पुढच्या गेटला जाणार. प्रत्येक वासराचं वजन २४ तासांच्या आत. नंतर आईपासून तोडताना परत वजन, ते २०५ दिवसांवर आणून असोसिएशनला कळवायचं.

तुझी अडचण वेगळी आहे. चार गाई म्हणजे चार वासरं, दोन नर दोन माद्या. एकत्र वाढलेल्या वासरांचीच तुलना होते, दोन वासरांत पहिला आला म्हणजे काय आला? म्हणून एआय करताना असा वळू घे ज्याची वासरं दहा जणांच्या कळपात मोजली जातायत, मग तुझी दोन वासरं त्या मोठ्या माळेत ओवली जातात.

आणि सगळ्यात अवघड भाग कुणी सांगत नाही तो सांगते. वहीत सगळं लिहिलंस की वही तुला सांगायला लागते की ही गाय काढ. सासऱ्यांची एक लाडकी गाय होती, नंबर नाही सांगत, ते रोज तिच्या कपाळाला खाजवायचे. सलग दोन वर्षं रिकामी राहिली. मी वही पुढे ठेवली. ते काही बोलले नाहीत, स्वतः ट्रेलर जोडला, आणि परत आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले तिच्या मुलीचं पान दाखव. ज्याला हे जमणार नाही त्याने चार गाई हौस म्हणून पाळाव्यात, काही वाईट नाही त्यात, पण मग बियाणं म्हणून विकू नये.

माणदेशी_सर्जा
ताई, ह्ये वाचून गप बसलो जरा.

एक इचारू का, तिकडं शिंगं कापतात म्हनं? खिलारचं शिंगंच कापलं तर राहिलं काय. कोसा आसू दे का काजळी, शिंगावरनं तर जनावर.

गुराखी_टेक्सास
दादा, बऱ्याच ठिकाणी वासरू असतानाच शिंगाची कोंब जाळतात, ट्रकमध्ये आणि खोड्यात एकमेकांना लागतं म्हणून. मला पण पहिल्यांदा ओकंबोकं वाटलं.

तुम्हाला आवडेल असं एक सांगतो. इथे कुरणात जे सगळ्यात भारी गवत म्हणून लावतात, ज्याच्या गोल गाठोड्यांसाठी लोक पैसे मोजतात, ते कोस्टल बर्म्युडा. मी खाली बसून बघितलं तर ही आपली हरळी! संकर आहे, १९४३ ला जॉर्जियात काढलेला, पण हरळीच. आजोबा आयुष्यभर कुदळ घेऊन जी खणून काढत होते आणि गणपतीला जी एकवीस एकवीस वाहत होतो तिला मी आता खत घालतोय आणि पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात ठेवलेत.

माणदेशी_सर्जा
😂😂 हरळीला खत! आबा वर बसून डोकं धरत आसतील.

फक्त_वाचक
धाग्याचं सार्थक झालं.

गुराखी_टेक्सास
(पाच महिन्यांनी)
धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून सविस्तर.

खोडा घेतला, सेकंडहँड, ताईंच्या हिशोबापेक्षा थोडा स्वस्तात. पूर्वेकडची सगळी काटेरी तार बदलली, पाच पदरी. मग गाई शोधायला निघालो तर बाजार पेटलेला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत एकूण गुरं ८ कोटी ६७ लाख मोजली गेली, १९५१ नंतरचा सगळ्यात कमी आकडा, दुष्काळात लोकांनी गाई विकून टाकल्या होत्या. त्यात मेक्सिकोत जखमेत पडणाऱ्या स्क्रूवर्म माशीमुळे तिकडची गुरं यायची बंद. त्यामुळे चार म्हणता म्हणता बजेटमध्ये तीनच बसल्या, आणि त्याआधी बघितलेल्या एकीची गोष्ट सांगायची आहे.

एका गृहस्थांकडे गेलो, नाव गाव सांगत नाही, वागायला अत्यंत गोड माणूस. करडी गाभण कालवड, पाणीदार डोळे, बाक बरोबर, पाय बरोबर, मी तर बघताच गार. ब्राह्मनमध्ये मालकाची खूण आणि जनावराचा स्वतःचा नंबर डाग देऊन अंगावर असतो आणि तोच कागदावर. कागद म्हणतो ३१८. मी मांडीकडे बघितलं, हिवाळ्याचे केस वाढलेले, ३१८ दिसल्यासारखं दिसलं. चेकबुक काढलं पण आणि तेवढ्यात ताईंचं वाक्य आठवलं, कागद आणि जनावर शेजारी उभं करून वाच. त्यांना म्हटलं केस कापायचं मशीन आहे का. ते हसले, म्हणाले कशाला. खोड्यात घेतली आणि मीच मशीन फिरवलं. करडे केस खाली पडत गेले आणि शेवटचा आकडा उघडा पडला, डावीकडून उघडा. आठ नव्हता, तीन होता. ३१३.

गृहस्थ म्हणाले डाग देताना तापवलेलं लोखंड नीट टेकलं नसेल, तो आठच आहे. खरंच तसं असू शकतं हो, डाग अर्धवट उठतात. मी म्हटलं ठीक आहे, शेपटीचे केस मुळासकट उपटून डीएनएला पाठवू, जुळलं की पैसे. त्यांनी मान्य केलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, कागदावरचा बाप तिचा बाप नाही. त्यांनी मुद्दाम केलं की वहीत गोंधळ होता मला सांगता येणार नाही, त्यांच्याकडे वही म्हणजे ट्रकच्या सन व्हायझरला अडकवलेल्या चिठ्ठ्या होत्या. कालवड तिथेच राहिली. मला अजून तिचे डोळे आठवतात, बायको म्हणते फोटो तरी डिलीट कर.

घेतलेल्या तिघी दुसरीकडून, दोन पायाशी वासरू असलेल्या, एक पहिलटकरीण गाभण, ती साडेचार हजार डॉलरला. तिघींचे कागद माझ्या नावावर.

ओक्लाहोमाची_सून
शाब्बास. सगळ्यात स्वस्तात झालेलं शिक्षण आहे हे, केस कापायच्या मशीनवर.

डॉ_खुरकूत
स्क्रूवर्मचं नाव काढलंत म्हणून सांगतो, ती माशी जिवंत जनावराच्या जखमेवर अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात, साध्या किडे पडण्यासारखं नाही. अमेरिकेने ती पूर्वी नर माश्या किरणांनी वांझ करून, कोट्यवधी सोडून घालवली होती, कारण मादी एकदाच जुळते. तुमच्याकडे वासरांच्या बेंबीला आयोडीन लावायचं चुकवू नका आणि खच्चीकरण, शिंगं वगैरे थंडीतच उरका.

देवणीवाला_लातूर
पहिलटकरीण कधी व्यायची?

गुराखी_टेक्सास
डॉक्टरांच्या २९२ प्रमाणे या महिन्याच्या शेवटी. २८० व्या दिवसापासून बॅटरी घेऊन फिरतोच आहे, माहीत असून.

गुराखी_टेक्सास
(काही दिवसांनी)
व्याली! २९४ वा दिवस, पहाटे, ओढ्याकडच्या कोपऱ्यात, कुणाला न सांगता. मी गेलो तेव्हा वासरू उभं राहून सड शोधत होतं. कालवड आहे. सड बारीक, लगेच धरले, ताई. रंग बघून घाबरलो, आई करडी आणि वासरू तांबूस. शेजाऱ्याला फोन केला तर म्हणाला थांब, करड्यांची बरीचशी अशीच जन्मतात आणि नंतर फिकी पडतात.

माणदेशी_सर्जा
आवो खिलारचं बी तसंच की! जन्मताना डोक्यावर तांबडं आसतंय, दोन-तीन महिन्यात जातंय. अभिनंदन दादा, पेढं पाठवा.

विचारी_मी
अभिनंदन. मनापासून. नाव काय ठेवलं?

गुराखी_टेक्सास
धन्यवाद विचारी. कागदावर "कृष्णाकाठ १", घरात मुलाने ठेवलंय चिंगी. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तिचा पहिला प्रश्न खरवस केलास का. म्हटलं आई, ती मला वीस फुटांच्या आत येऊ देत नाहीये, चीक कुठून काढू.

ओक्लाहोमाची_सून
ते सगळं छान, वजन घेतलंस का? २४ तास.

गुराखी_टेक्सास
घेतलं. ६४ पौंड. ताणकाट्याला झोळी बांधून. बायको स्टीअरिंगवर, गाडी मध्ये आडवी, मी वासरू उचलून पलीकडच्या बाजूला, बेंबीला आयोडीन पण त्याच झटक्यात. आई पूर्ण वेळ गाडीला धडका देत होती. शिंगं नाहीयेत तरी मागच्या दाराला दोन मोठे पोचे आलेत.

गाडी बायकोची होती.